मुक्काम पासली

आमच्या घरीं एक पत्र्याची पेटी आहे आणि तींत तीन पिढ्यांचीं पोस्टकार्डें आहेत. मजकुराच्या दृष्टीनें त्यांत वाचण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. भाताचा उतारा, कोणाचें बाळंतपण, पावसानें वाट बंद झाल्याची तक्रार आणि 'उत्तर उलट टपालीं देणें' ही आज्ञा, एवढ्यांत बहुतेक पत्रें संपतात. परंतु पत्त्याची बाजू मोठी मनोरंजक आहे. सर्वांत जुन्या कार्डांवर 'मु. पासली, संस्थान भोर' असें आहे. 1948 सालीं तें संस्थान विलीन झालें, तेव्हां पुढच्या कार्डांवर वेल्हें आणि जिल्हा पुणें हीं नांवें आलीं. आतां 2024 सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें वेल्हें तालुक्याला राजगड हें नांव देण्यास मान्यता दिली. तेव्हां यापुढें आम्हांला कोणी कार्ड पाठविलेंच, तर त्यावर तिसराच पत्ता येईल. या सर्व काळांत आमचें घर मात्र जागचें बोटभरहि हललेलें नाहीं.

पत्ता म्हणजे घर नव्हे, ही गोष्ट कोणालाहि समजते. ती आम्हांलाहि समजते, असा आमचा गेल्या मार्गशीर्षापर्यंत समज होता. आम्ही महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवितों. नांव आणि त्या नांवानें दर्शविलेली वस्तु यांतील भेद हा त्या विषयाचा जवळजवळ श्रीगणेशा होय. शुक्राला पहाटे एक नांव आणि संध्याकाळीं दुसरें, तरी गोल एकच, या दृष्टांतावर फ्रेगे नांवाच्या जर्मन पंडितानें 1892 सालीं जो निबंध लिहिला, तो आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत समजावून देत आलों आहों. असा मनुष्य घरच्या संगणकापुढें बसून पत्ता तेवढा जपून ठेवतो आणि घर पाडून टाकतो, ही हकीकत लिहितांना संकोच वाटतो. तथापि आमच्या वयाच्या व आमच्यासारख्याच नीटनेटकेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या गृहस्थांची संख्या या मासिकाच्या वाचकांत कमी नसावी, म्हणून ती लिहितों.

आमच्या मातोश्रींचा सारा संसार पासलीस झाला. आम्ही पुण्यास शिकलों, येथेंच नोकरीस लागलों; त्या मात्र 'तुमच्या पुण्याचं पाणी मला मानवत नाही' असें म्हणून आठ दिवसांच्या वर येथें कधीं टिकल्या नाहींत. त्यांच्या अखेरच्या वर्षीं आमच्या भाच्याला, म्हणजे भोरच्या अक्काच्या मुलाला, एक सुबुद्धि सुचली. तो संगणकाच्या धंद्यांत आहे. महिन्यांतून एखाद्या रविवारीं तो पासलीस जाई, आजीपुढें मोबाइल ठेवी आणि तिला बोलतें करी. राब कसा भाजावा, जात्यावर कोणत्या ओव्या म्हणत, ओढ्यानें बांध फोडला तेव्हां कोण कोण धांवून आलें, आणि आमच्या दहा खाचरांपैकीं प्रत्येकाचें नांव काय व तें कां पडलें, असें सर्व तिनें सांगितलें. एकंदर सतरा ध्वनिमुद्रणें झालीं. दोन वर्षांपूर्वीं मातोश्री गेल्या, तेव्हां भाच्यानें तीं आमच्या संगणकांत आणून ठेविलीं.

त्यानें तीं कशीं ठेविलीं, हें येथें सांगणें प्राप्त आहे. मूळ सतरा फाइली त्यानें 'आवाज' नांवाच्या एका फोल्डरांत टाकल्या. त्यांचीं नांवें मोबाइलनें दिलेलीं, म्हणजे नुसते आंकडे. मग त्यानें 'पासली' नांवाचा दुसरा फोल्डर केला, त्यांत 'शेती', 'ओव्या', 'माणसें' असे कप्पे पाडले, आणि प्रत्येक मुद्रणाला चांगलें मराठी नांव देऊन तें ज्या त्या कप्प्यांत लावलें. जातां जातां तो म्हणाला, "मामा, हे दुवे आहेत हं." आम्हीं मान हलविली. न समजतां मान हलविणारा विद्यार्थी आम्ही शेवटच्या बाकावरूनहि ओळखतों. पण शिक्षकच मान हलवूं लागला म्हणजे त्याला कोण ओळखणार!

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत आमची दृष्टि संगणकाकडे वळली. पाहतों तों तींच तीं ध्वनिमुद्रणें दोन दोन ठिकाणीं! एकीकडे 'पासली', व्यवस्थित लावलेली. दुसरीकडे 'आवाज', आंकड्यांचा नुसता ढीग. 'पासली'मधल्या चित्रांच्या कोपऱ्यांत एकेक बारीकसा बाण होता, तो आम्ही शोभेचा समजलों. आम्हीं विचार केला कीं ज्याची मांडणी चांगली तें ठेवावें आणि ढीग काढावा. त्यापूर्वीं, आम्ही अगदींच अविचारी नाहीं हें दाखविण्यासाठीं सांगतों, 'पासली'ची एक नक्कल आम्हीं दुसऱ्या डिस्कवर करून ठेविली. ती नक्कल पापणी लवण्याच्या आंत झाली याचें आम्हांला कौतुकच वाटलें. मग 'आवाज' कचरापेटींत टाकला आणि पेटीहि रिकामी केली.

मार्गशीर्षांत श्राद्धाला अक्का आली. जेवणें आटोपल्यावर ती म्हणाली, "आईचा आवाज लाव रे जरा." आम्हीं 'ओव्या' उघडलें, पहिल्या नांवावर बोट ठेविलें, आणि संगणकानें उत्तर दिलें कीं हा दुवा तुटलेला आहे, कचरापेटींत टाकूं काय? दुसऱ्याला हाच प्रश्न, तिसऱ्याला हाच. अक्का पदर सांवरून ऐकावयास बसली होती. तिला आम्हीं यंत्र बिघडलें असें सांगितलें व दुसऱ्या खोलींत जाऊन भाच्याला दूरध्वनि केला.

"मामा, 'आवाज' नावाचा फोल्डर कुठं आहे?"

"तो काढला. त्यातलं सगळं 'पासली'मधे होतंच की."

पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग तो म्हणाला, "मामा, 'पासली'मधे काहीच नव्हतं. तिथं नुसते पत्ते होते." दुसऱ्या डिस्कवरच्या नकलेची आठवण होऊन आम्हांला क्षणभर धीर आला, पण नक्कल झाली होती ती पत्त्यांचीच. असा दुवा म्हणजे एक चिमुकली फाइल असते व तिच्यांत मूळ फाइलीच्या वाटेचीं अक्षरें तेवढीं लिहिलेलीं असतात. आमचे सारे दुवे एकत्र केले तरी पेटींतल्या एका पोस्टकार्डावर मावले असते. नक्कल पापणी लवण्याच्या आंत कां झाली, याचा उलगडा असा झाला.

"सगळी नावं एकदा उघडून तर बघा," भाचा म्हणाला. आम्हीं सतराहि उघडलीं. सोळांनीं कचरापेटीची परवानगी मागितली. 'माणसें' या कप्प्यांतलें एक मात्र चटकन् वाजूं लागलें.

तें एकच कां वांचलें, हें त्या रात्रीं भाच्यानें आम्हांला समजावून दिलें, आणि आम्हांला तें आमच्याच मुलुखाच्या आधारानें समजलें. लिनक्स किंवा त्याच जातीच्या प्रणालींत फाइलीचें शरीर निराळें आणि नांव निराळें. शरीराला नांव नसतें, क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या नोंदीला इनोड म्हणतात. फोल्डर म्हणजे खरोखर डबा नव्हेच, ती एक वही आहे. अमुक नांव, अमुक क्रमांक, एवढेंच तींत लिहिलेलें असतें. एकाच क्रमांकासमोर दोन नांवें लिहावयाला कांहींच हरकत नाहीं. यालाच हार्ड लिंक म्हणतात. वेल्ह्याहून पासलीस जातांना जो उभा डोंगर सोबत करतो, त्याला लोक तोरणा म्हणतात. शिवछत्रपतींनीं त्याला प्रचंडगड म्हटलें. 1704 सालीं औरंगजेबानें तो घेतला तेव्हां त्याचें फुतूह-उल्-घैब असें बारसें केलें. यांतलें कोणतेंहि नांव दुसऱ्या नांवाकडे बोट दाखवीत नाहीं. प्रत्येक नांव थेट डोंगराकडेच जातें. बादशहाचें नांव पुसलें गेलें म्हणून डोंगराचा चिराहि ढळला नाहीं. संगणक अशा नांवांची मोजदाद ठेवतो. एक नांव काढलें कीं संख्या एकानें उतरते आणि ती शून्यावर आली म्हणजेच शरीराची जागा मोकळी समजली जाते.

सिंबॉलिक लिंकची गोष्ट वेगळी. तो डोंगर नव्हे आणि डोंगराचें नांवहि नव्हे. ती रस्त्यावरची पाटी आहे. पाटीवर 'तोरणा, अमुक वाटेनें' असें लिहिलेलें असतें. पाटी मोडली तर डोंगराला दुखत नाहीं, आणि डोंगर नाहींसा झाला तर पाटीला कळत नाहीं. इतकेंच काय, वाटेवरच्या एखाद्या गांवाचें नांव बदललें, तरी जुनी पाटी फसते. कारण तिला वस्तु ठाऊक नसते, वाट तेवढी पाठ असते. आमच्या तालुक्याचें नांव बदलल्यापासून किती पाट्यांची अशी गत होईल, तें ज्याचें त्यानें पाहावें. अर्थात् हें नांवहि अगदीं नवें नव्हे. भोर संस्थानांत राजगड आणि प्रचंडगड या नांवांचे तालुके होतेच. जपून ठेविलेली एखादी जुनी पाटी पुन्हां खरी ठरण्याचा योगहि कधीं येतो, हें आम्हांला गमतीचें वाटतें.

"मग सगळ्यांनाच तुझे ते पक्के दुवे का घातले नाहीस?" आम्हीं थोड्या रागानेंच विचारलें. राग वास्तविक कोणावर होता, हें सांगावयास नको.

तो म्हणाला कीं आरंभ त्यानें तसाच केला होता. पहिलें मुद्रण पक्क्या दुव्यानें जोडलें, आणि मग त्याच्या मनांत आलें कीं पुढें 'आवाज' मोठ्या डिस्कवर हलवावा लागेल. पक्का दुवा एका डिस्कवरून दुसरीवर जाऊं शकत नाहीं, कारण तो क्रमांकावर चालतो आणि क्रमांक ज्या त्या डिस्कपुरता. हें मात्र आम्हांला तत्काळ पटलें. जमिनीचा गट क्रमांक बारा पासलींतहि असतो आणि पलीकडच्या केळदांतहि. गांवाचें नांव सोडून नुसता बारा सांगणाऱ्याला तलाठीहि हात जोडील. पाटीला ही अडचण नाहीं. ती कोठेंहि उभी करतां येते, दुसऱ्या गांवाची वाट दाखविते, फाइलच नव्हे तर अख्खा फोल्डर दाखविते. याच सोयीसाठीं बर्क्ले येथील विद्यापीठांतल्या मंडळींनीं 1983 सालीं आपल्या युनिक्सच्या 4.2 या आवृत्तींत ती घातली. म्हणून भाच्यानें बाकीचे सोळा दुवे पाट्यांचे घातले. त्याचा बेत शहाणपणाचा होता. त्यांत मामाची दिवाळी तेवढी धरलेली नव्हती.

आमच्या देव्हाऱ्यांत खंडोबाचा टाक आहे. आमचे वडील तो अधूनमधून जेजुरीस नेत आणि देवाला भेटवून आणीत. टाक झिजला किंवा हरवला तर सोनाराकडून दुसरा करून घेतां येतो, पुन्हां जेजुरीस जाऊन भेट घडवितां येते, आणि घरचा कुळाचार चालू राहतो. ही सोय आमच्या पूर्वजांनीं फार विचारानें केलेली आहे. परंतु टाक नीट पुसून ठेवावा आणि जेजुरीच अडगळ म्हणून काढून टाकावी, असा मनुष्य आमच्या कुळांत आमच्यापूर्वीं झाला नसावा. भेटीची ती चाल देखील आम्हांला आतां निराळ्या प्रकारें समजूं लागली आहे. वर्षा-दोन वर्षांनीं मूळ ठिकाणीं जाऊन पाहून यावें, एवढें आम्हीं केलें असतें तरी तुटलेला दुवा श्राद्धाच्या दिवशीं उघडकीस आला नसता.

आमच्या महाविद्यालयांत विंडोज वापरतात, आणि तेथें याच कुळांतला एक तिसरा प्रकार आढळतो. त्याचें नांव जंक्शन पॉइंट. जंक्शन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दौंड किंवा मिरज उभें राहतें. पण हा प्रकार आगगाडीच्या जंक्शनापेक्षां खिंडीसारखा अधिक आहे. केळदच्या पुढें मढे घाट उतरूं लागलें कीं मावळांतला मनुष्य पाहतां पाहतां कोंकणांत जातो, तसें एका फोल्डरांत पाऊल टाकावें तों आपण दुसऱ्याच फोल्डरांत, कदाचित् दुसऱ्याच डिस्कवर, असतों. 2000 सालच्या विंडोजपासून ही सोय आहे. ती फोल्डरांपुरतीच, आणि त्याच यंत्रावरच्या डिस्कांपुरती. पुढें विस्टा आवृत्तींत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हा जुना फोल्डर जाऊन त्याच्या जागीं 'यूझर्स' आला, तेव्हां जुन्या प्रोग्रॅमांची वाट चुकूं नये म्हणून जुन्या नांवाचें एक जंक्शन मागें ठेवण्यांत आलें. प्रोग्रॅम त्यांतून बिनबोभाट जातात; मनुष्य त्यावर बोट ठेवतो तेव्हां प्रवेश नाकारला असें उत्तर येतें. आमच्या एका सहकाऱ्यांनीं तें वाचून आपली कागदपत्रें कोणी कुलुपांत घातलीं म्हणून दोन दिवस अन्नपाणी गोड करून घेतलें नव्हतें. कागदपत्रें शेजारच्या फोल्डरांत सुखरूप होतीं.

या खिंडींत आणखीहि धोके आहेत. त्याच विंडोजमध्यें एक जंक्शन असें आहे कीं तें स्वतः ज्या फोल्डरांत बसलें आहे त्याच फोल्डराकडे नेतें. नक्कल करणारा प्रोग्रॅम भोळा असला तर तो एकाच घराला फेऱ्या घालीत बसतो. लिनक्समध्यें त्यावर उपाय म्हणून एका वाटेवर चाळीस पाट्यांपर्यंतच सबूरी राखली जाते. परंतु आम्हांला हादरविलें तें निराळ्याच गोष्टीनें. 2000 सालच्या व त्यापुढच्या एक्सपी आवृत्तींत नेहमींच्या खिडकींतून जंक्शन पुसलें, तर पलीकडचा मूळ मालहि पुसला जात असे. मायक्रोसॉफ्टनें तशी सूचनाहि देऊन ठेविली होती, आणि विस्टापासून तें सुधारलें. म्हणजे आम्हीं पाटी राखली आणि घर घालविलें. ते लोक खिंडींतला धोंडा उचलीत आणि पलीकडचें गांव बसकण घेई. तेव्हां पुसण्यापूर्वीं हातीं आहे तें काय, नांव, पाटी कीं खिंड, हें ज्या त्या यंत्राच्या चालीप्रमाणें पाहावें लागतें; सर्वांना लागू असा एकच नियम आम्हांला सांगतां येत नाहीं.

गेलेल्या सोळांसाठीं भाच्यानें एक रविवार यंत्रापुढें घालविला. जुन्या फिरत्या तबकडीवर पुसलेलें बरेंच दिवस तळाशीं राहत असे. आमच्या संगणकांत तबकडी नाहीं. त्यांत मोकळ्या झालेल्या जागांची वर्दी आठवड्याच्या आठवड्याला साठवणीच्या यंत्राला जाते व तें त्या धुऊन पुसून ठेवतें. दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत अशीं किती धुणीं झालीं असतील! त्याच्या मोबाइलमधलीं मूळ मुद्रणें त्यानें आमच्याकडे दिल्यावर काढून टाकलीं होतीं. मामाकडे आहेत, एवढी त्याला खात्री होती.

अक्काला आम्हीं खरें सांगितलें तें तिसऱ्या दिवशीं. ती बोलली नाहीं. तिनें तें वांचलेलें एक मुद्रण लावावयास सांगितलें. तें चार मिनिटांचेंहि नाहीं. पहिल्या रविवारीं भाचा मोबाइल कसा चालतो हें पाहत होता, तेव्हांचें आहे. आरंभीं कोंबड्यांचा कलकलाट आहे. मग आई विचारतात, "झालं का रे सुरू? आधी चहा घे, गार होतोय." मग कोणाला तरी म्हशीबद्दल कांहीं सांगतात, आणि पुन्हां, "हे बंद कर आता, मला कामं आहेत." अक्कानें तें तीन वेळां ऐकलें.

पौषांत आम्ही भाच्याला घेऊन पासलीस गेलों. नसरापूरवरून वेल्हें आणि पुढें पासली, हा रस्ता आतां चांगला आहे. घरीं आमची आत्या असते; वय ऐशींच्या पुढें, पण कान व जीभ दोन्ही शाबूत. ओव्या तिला फारशा येत नाहींत, 'त्या वैनीच्या' असें ती म्हणाली. राबाची माहिती तिनें दिली, ओढ्याच्या पुराचीहि दिली, फक्त धांवून आलेल्या माणसांचीं नांवें आईंनीं सांगितलीं होतीं त्याहून थोडीं निराळीं आलीं. मग आम्हीं खाचरांचा विषय काढला. तिनें ओटीवर बसून बोटें मोडीत नऊ नांवें सांगितलीं: उंबराचं, म्हसोबाचं, वाकडं, दगडाचं, आणि अशींच पुढचीं. दहाव्याला ती अडली. घरांत येऊन पंचवीस वर्षें झालेल्या तिच्या सुनेला विचारलें, तिलाहि सांगतां येईना. शेवटीं म्हातारी काठी टेकीत आम्हां दोघांना बांधावरून खालीं घेऊन गेली आणि त्या खाचरापाशीं उभी राहिली. भाताची कापणी होऊन गेली होती, खुंट उभे होते, एका कोपऱ्यांत ओल होती. तिनें बराच वेळ त्याच्याकडे पाहिलें.

भाचा मोबाइलमध्यें लिहून घेत होता. "आजी, याला नाव काय घालू?"

"वैनी काहीतरी म्हणायची," आत्या म्हणाली. "तू आपलं खालचं खाचर म्हणून लिही सध्या."